शटर नवंच बसवा

शटरला लाथ मारून काही होत नसतं, हे मला कळत होतं. तरी मारली. अंगठा तेवढा ठणकला, शटर जागचं हललं नाही.

"वहिनी, लग्नात लंगडत फिरायचंय का?" वनिता मागून म्हणाली.

"तू बोलू नकोस. रविवारी तुझं लग्न, आज बुधवार उजाडला आणि गाडी आत कोंडलेली. माझं डोकं फिरायची वेळ आलीय."

वनिता माझी नणंद, घरातलं शेंडेफळ. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून तिचं सगळं माझ्याकडेच. लग्न ठरलं तेव्हा तिनं साडीसाठी हट्ट केला नाही की दागिन्यासाठी. एवढंच म्हणाली, "कार्यालयात मी तात्यांच्या गाडीतून जाणार. आई नाही, निदान तात्यांनी तरी मला न्यावं." मी तिला शब्द दिला. देताना मला काय ठाऊक, की ऐन लग्नाच्या आठवड्यात गॅरेजचं शटर रुसून बसेल!

तात्या म्हणजे माझे सासरे, नामदेव कणसे. कराड डेपोत एकतीस वर्षं एस.टी.चे ड्रायव्हर, आणि एकतीस वर्षांत एक अपघात नाही. महामंडळानं त्याचा बिल्ला दिला होता. तो ते लग्नकार्यात कोटावर लावायचे आणि कुणी विचारलं नाही तरी त्याची हकिगत सांगायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी सायीच्या रंगाची एक जुनी फियाट घेतली, घराच्या कडेला तिच्यासाठी गॅरेज बांधलं, त्याला शटर बसवलं. गल्लीत तेव्हा दुसरी चारचाकी नव्हती. मग कुणाच्याही पोरीचं लग्न असो, कार्यालयात न्यायचं ते तात्यांनीच, असा रिवाजच पडला. पैसे घ्यायचे नाहीत, फक्त नारळ घ्यायचा. पोरगी मागे बसून हमसाहमशी रडायला लागली की तात्या आरशात बघून विचारायचे, "झालं का रडून? का आणखी एक चक्कर मारू?" पोरगी रडता रडता हसायची आणि मग गाडी हलायची. अशा अकरा पोरी त्यांनी पोचवल्या होत्या. बारावी त्यांची स्वतःची.

तात्या चहाची बशी हातात घेऊन बाहेर आले. शटरकडे त्यांनी धड बघितलंही नाही.

"त्याला हात लावू नका," ते म्हणाले. "नवंच बसवा."

मी आणि वनिता एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. कारण हे बोलणारा माणूस कोण, तर चपलेचा अंगठा तुटला की तांब्याच्या तारेनं शिवणारा. तीन मोडक्या छत्र्यांतून एक धड छत्री काढणारा. आमच्या मिक्सरचं झाकण फुटलं तेव्हा मी नवा मिक्सर म्हटलं, तर मला दोन दिवस ऐकवत होते, "टाकायला अक्कल लागत न्हाई, दुरुस्तीला लागती." आणि आता आठ वर्षांचं धडधाकट शटर एकदा अडकलं, तर म्हणे नवं बसवा!

"तात्या, दुरुस्ती अर्ध्या दिवसाचं काम आहे," मी म्हटलं. "नवं म्हणजे माप घ्या, कोल्हापूरहून पट्ट्या मागवा. दहा-बारा दिवस गेले."

"जाऊ द्या की."

"अहो, लग्न रविवारी आहे!"

"मग जीप सांगा भाड्यानं. जीपमधनं गेलेल्या पोरी काय नांदत न्हाईत?"

वनिताचे डोळे भरून आले. ती आत गेली. तात्यांनी बशी ओट्यावर ठेवली ती कडेवरच ठेवली. पडली, फुटली. त्याकडेही त्यांनी बघितलं नाही.

गुरुवारचा अख्खा दिवस माझ्या पायाला भिंगरी होती. लाडू बांधायला बसले की मन गॅरेजकडे, पाहुण्यांची अंथरुणं मोजायला गेले की मन गॅरेजकडे. दर तासाला जाऊन मी शटर उचलून बघत होते. आपणहून सुटलं असेल तर! आमच्या ह्यांना म्हटलं, "तुम्ही तरी सांगा ना तात्यांना." तर हे म्हणाले, "तात्या म्हणतात म्हणजे असेल काहीतरी." दिगंबररावांचं सगळं आयुष्य या एका वाक्यावर चाललेलं. स्वतः स्कूटरपलीकडे काही चालवलं नाही, कारण तात्यांनी गाडीला हात लावू दिला नाही, आणि त्यातही 'असेल काहीतरी.'

मला मात्र वेगळीच शंका खात होती. वनितानं मुलगा स्वतः पसंत केलेला, पनवेलच्या कंपनीतला. ऐकल्यावर तात्या तीन दिवस गप्प होते आणि चौथ्या दिवशी 'बरं' म्हणाले होते. ते 'बरं' मनापासून नव्हतं की काय? गेले पंधरा दिवस माणूस गाडी बाहेर काढत नव्हता. दूध आणायला पायी जात होता. विचारलं तर म्हणे, गुडघ्याला चालणं चांगलं. जेवताना तांब्या लवंडत होता, उंबऱ्याला ठेचाळत होता. मनात नसलं की माणसाचं असंच होतं, मी म्हटलं. पोरीला स्वतःच्या हातानं पोचवायचं नाही, म्हणून शटरचं निमित्त! राग आला मला. आईविना पोर, तिची एक इच्छा, आणि बापानं असं करावं?

शुक्रवारी तात्या आणि हे आचाऱ्याला सामान मोजून द्यायला कार्यालयात गेले आणि मी दस्तगीर मिस्त्रींना बोलावून घेतलं. साठीचा काटकुळा माणूस. दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं, 'कसलेही शटर असो, दुरुस्त होईल.' त्यांनी शटरवर थापट्या मारल्या, खालच्या पट्टीत हात घालून जोर लावला, मग कान लावून पुन्हा जोर लावला.

"वैनी, स्प्रिंग शाबूत हाय."

"मग उघडत का नाही?"

"आतनं कुणीतरी धरून ठेवल्यागत वाटतंय."

गॅरेजला मागच्या ओसरीतून एक लहान दार होतं. त्याच्या कुलपाची किल्ली कायम तात्यांच्या खिशात. मिस्त्रींनी कुलूप तोडलं नाही. कोयंड्याचे चार स्क्रू काढले आणि दार ढकललं.

शटर ज्या खाचांतून वर सरकतं, त्या दोन्ही खाचांत एकेक जाड बोल्ट आरपार घातलेला होता. नट घट्ट आवळलेले. बोल्ट गंजू नयेत म्हणून त्यांना ग्रीस चोपडलेलं, आणि पट्ट्यांचा रंग खरवडू नये म्हणून मध्ये सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून बसवलेले.

मिस्त्री हसायलाच लागले. "वैनी, हे मोडलेलं न्हवं, हे बसवलेलं हाय. आणि हात बघा बसवणाऱ्याचा! बिघाड करायचा तोबी किती निगुतीनं!"

असा हात आमच्या घरात एकच होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे माझी शंका खरी! मी तिरीमिरीत गाडीवरचं कव्हर ओढलं. का ओढलं ते मला आजही सांगता येणार नाही, कशावर तरी राग काढायचा होता. कव्हर खाली आलं आणि मी तिथंच थांबले. डाव्या दिव्याची काच तडकलेली होती. त्याच्या बाजूच्या पत्र्याला हातभर पोचा आलेला, आणि त्यावर ब्रशनं घाईघाईत रंग फासलेला.

"कव्हर घाल त्याच्यावर."

दारात तात्या उभे होते. चष्मा घरी विसरला म्हणून रिक्षानं परत आले होते.

"मी जरा बिडी ओढून येतो," मिस्त्री म्हणाले.

"थांब दस्तगीर. आता तुझ्यापास्नं काय लपवायचं." तात्या कोपऱ्यातल्या जुन्या टायरवर बसले. "काचबिंदू हाय मला. डावीकडचं कायच दिसत न्हाई. डॉक्टर म्हणला, गेलं ते परत येत न्हाई, राहिलंय ते सांभाळा."

माझा राग कुठल्या कुठे गेला. बशी, तांब्या, उंबरा, सगळं डाव्या हाताचं होतं. आणि मी बाई त्यांच्या मनात काय काय घालून बसले होते.

"आणि हा पोचा?" मी विचारलं.

"डेअरीचा कोपरा. मी डावीकडं वळलो. धाडकन आवाज झाला तवा कळलं, तिथं कुणीतरी हाय." त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले. "डेअरीवाल्या बाजीरावची पिंकी. सायकलवर होती. गुडघा सोलला, कोपर सोललं. देवानं वाचवली. मी उचलली, दवाखान्यात न्हेऊन मलमपट्टी केली, घरी न्हेली."

"मग लहान पोराला लागणं चालायचंच तात्या, त्यात एवढं..."

"ऐक तर आधी. बाजीराव धावत आला. मी सांगाया लागलो, बाबा, चुकी माझी. तर मला बोलूच देईना. पोरीच्या फाडकन मुस्काटात दिली त्यानं. म्हणला, तात्यांच्या गाडीम्होरं येतीस? एकतीस वर्षांत ज्यांच्या चाकाखाली कोंबडं आलं न्हाई, त्यांचं नाव घालवतीस?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"कायच न्हाई."

दस्तगीर मिस्त्री पान्याकडे बघत बसले होते.

"दुसऱ्या दिवशी सायकल दुरुस्त करून दिली," तात्या म्हणाले. "हँडल सरळ केलं, नवी घंटी बसवली. पोरगी माझ्याकडं बघंना. मी जिंदगीत कंडक्टरवर चुकी ढकलली न्हाई हेमलता, आणि ह्या म्हातारपणी दहा वर्षांच्या पोरीवर ढकलून मोकळा झालो."

"वनिताला सांगू या," मी म्हटलं. "ती समजून घेईल. चालवायला दुसरा माणूस घेऊ, गाडी तर तुमचीच राहील."

"आणि लोक इचारतील, तात्या धडधाकट असताना भाड्याचा ड्रायव्हर कशाला? पोचा दिसंल. बाजीराव लग्नाला येणार हाय, त्याला कळंल." त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. सासऱ्यानं सुनेपुढे! "लग्न होऊ दे. मग मीच सांगतो सगळ्यांना. तवर शटर बंद राहू दे. माझ्या पोरीला घेऊन मी गाडी चालवणार न्हाई, आणि का चालवत न्हाई ते मला आत्ताच सांगवणार न्हाई."

मला ते हात बघवेनात. "खाली घ्या आधी ते," मी म्हटलं. "नाही सांगत कुणाला. मिस्त्री, तुम्हाला कुणी विचारलं तर म्हणायचं, शटर कामातून गेलं. दुरुस्त होत नाही."

"वैनी, माझ्या पाटीवर काय लिहिलंय ते ठावं हाय न्हवं?" मिस्त्री थोडा वेळ डोकं खाजवत राहिले. "बरं. माझी थोरली तात्यांच्याच गाडीतनं गेलीय. तिच्यासाठी म्हणतो एकडाव, की मला जमलं न्हाई."

आणि त्यांनी कोयंड्याचे चारही स्क्रू होते तसे परत बसवले.

मला वाटलं, झालं, निभावलं. कसलं काय! रात्रीची जेवणं व्हायच्या आत आमच्या ह्यांच्या अंगात वारं शिरलं. आयुष्यात पहिल्यांदा. "वनिता रडतेय ते मला बघवत नाही," हे म्हणाले. "तात्या, मी उद्या सकाळी मिस्त्री बोलावणार आणि शटर उघडून घेणार. तुम्ही काही म्हणा."

नेमका आजच शूर व्हायचं होतं या माणसाला! तात्यांचा घास हातात राहिला. मी घाईघाईत म्हटलं, "मिस्त्री येऊन गेले. मीच बोलावले होते. स्प्रिंग गेलीय म्हणाले. जोर केला तर कुणाच्या तरी डोक्यात पडेल. मी त्यांना नवं शटर सांगून टाकलं."

"कुणाला विचारून?" ह्यांचा आवाज चढला.

"कुणाला विचारायचं? मला पटलं, मी सांगितलं."

"कालपर्यंत तर दुरुस्त करा म्हणून तूच नाचत होतीस!"

वनिता ताटावरून उठली. रडत नव्हती ती आता. "राहू दे रे दादा," ती म्हणाली. "आई असती तर तिनं रात्रभर जागून उघडून घेतलं असतं. वहिनींनी किती केलं तरी त्या शेवटी बाहेरून आलेल्या. त्यांना काय त्याचं!"

तीन वर्षं मी तिची वेणी घातली होती. तापात तिच्या उशाशी बसले होते. तिचं लग्न जमावं म्हणून ह्यांच्याशी दोन महिने भांडले होते. मी तात्यांकडे बघितलं. आता बोलतील, मला वाटलं. तात्या खाली मान घालून भाकरी कुस्करत राहिले. मला त्यांचा इतका राग आला की ताट उचलून मोरीत आपटावंसं वाटलं. आपटलं नाही. भात वाढला.

शनिवारी हळद झाली. वनितानं मला हळद लावू दिली, पण माझ्याकडे बघितलं नाही. पाहुण्या बायकांत कुजबुज सुरू झाली होती. एक मावससासू तोंडावरच म्हणाली, "नणंदेच्या सुखाला नजर लावू नये बाई." मी हसले आणि आत जाऊन नारळ फोडत बसले. लागतील त्यापेक्षा पंधरा नारळ जास्त फोडले. तात्या दिवसभर ओसरीत येरझाऱ्या घालत होते. दोन-तीनदा माझ्यासमोर येऊन थांबले. मीही हट्टी, एकदाही वर बघितलं नाही.

रविवारी नऊ वाजता भाड्याची जीप दारात आली. पाहुणेमंडळी सकाळीच टेम्पोनं कार्यालयात गेली होती. मागे राहिलो होतो आम्ही घरचेच. दहा वाजता वरपक्ष यायचा होता, आणि त्यांना सामोरं जायला मुलीचा बाप कार्यालयाच्या दारात हवाच. नवऱ्या मुलाचे एक चुलते होते, पनवेलचे, साखरपुड्यातच आठ मिनिटांच्या उशिरावरून त्यांनी तोंड सुजवलेलं. त्यामुळे मी सारखी घड्याळ बघत होते. गल्ली दारात जमलेली. वनिता पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून, जीपकडे बघायचंसुद्धा नाही अशी उभी.

"तात्या कुठं आहेत?" हे ओरडले.

तेवढ्यात खडखडाट झाला. एका दमात, खालपासून वरपर्यंत, शटर वर गेलं. आत कोट घातलेले तात्या उभे, हातात पाना, बाहीला ग्रीस. कोटावर बिल्ला नव्हता.

"तात्या!" वनिता धावत गेली. "उघडलं! तुम्ही न्या मला, जीप नको."

"थांब पोरी. आधी ऐकून घे. सगळ्यांनी ऐका." तात्या गल्लीकडे तोंड करून ताठ उभे राहिले. डेपो मॅनेजरपुढे असेच उभे राहत असतील. "शटर बिघडलेलं नव्हतं. बोल्ट मी घातले होते. हेमलतेनं माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि माझ्यासाठी बोलणी खाल्ली. मला डावीकडचं दिसत न्हाई. आणि डेअरीच्या कोपऱ्यावर माझ्या हातनं अपघात झालाय. ह्यो बघा पोचा."

समोरच्या कमळाकाकू म्हणाल्या, "तात्या, पोरीच्या लग्नाच्या दिवशी कशाला हे काढायचं?"

"मग कवा काढू? तवा बाजीरावच्या पोरीनं माझ्यापायी मार खाल्ला. परवा माझ्या सुनेनं बोलणी खाल्ली. आता तिसरं कोण आणू?"

वनिता त्यांच्या डाव्या बाजूला उभी होती. तिनं त्यांचा दंड धरला तसे ते दचकले, आणि ते दचकणं बघून तिला जे कळायचं ते कळलं. ती ओक्साबोक्शी रडायला लागली. तात्यांनी किल्ली जीपवाल्या संपतच्या हातात दिली. "दुसरा गिअर अडतो. दमानं टाक," एवढं त्याला सांगितलं आणि मागचं दार उघडून आत बसले. त्या गाडीच्या मागच्या सीटवर तात्या बसलेले मी कधी बघितले नव्हते. वनिता त्यांच्या शेजारी बसली, मी पुढे. हे स्कूटरवरून पुढे गेले. जीप राहिली दारात.

"वहिनी, मी परवा..." वनिता मागून म्हणाली.

"मुंडावळ्या सांभाळ," मी म्हटलं. मागे वळले असते तर मलाच रडू फुटलं असतं, आणि काजळ घातलं होतं.

सव्वानऊ झाले होते. वेळेत पोचू, मी हिशेब करत होते. तात्या मागे बसून पायानं ब्रेक दाबत होते, संपतच्या आधी प्रत्येक वळणाला. डेअरीचा कोपरा आला आणि ते म्हणाले, "थांबव."

"तात्या, आत्ता नको! वरपक्ष येऊन उभा राहील. संध्याकाळी येऊ आपण."

"संध्याकाळी मला पुन्हा धीर व्हायचा न्हाई. थांबव रे."

ते उतरले. बाजीराव दुधाच्या किटल्या धूत होता. लग्नाला जायचे कपडे घालून पिंकी पायरीवर बसली होती. कोट घातलेला मुलीचा बाप लग्न सोडून आपल्या दारात आलेला बघून बाजीराव गडबडलाच. "काय तात्या, दूध कमी पडलं का?"

"त्या दिवशी चुकी माझी होती, बाजीराव. मला ही दिसलीच न्हाई. माझा डावा डोळा गेलाय. तू हिला मारलीस तवा मी गप्प बसलो, ती दुसरी चुकी."

"जाऊ द्या हो तात्या, पोरांचं काय..."

"न्हाई. तिला सांग, तुझी चुकी नव्हती म्हणून. माझ्यादेखत सांग."

बाजीराव हातातल्या किटलीकडे बघत राहिला. मी गाडीत बसून पदराचं टोक पिळत होते, घड्याळात साडेनऊ होऊन गेले होते. शेवटी बाजीराव पोरीकडे न बघताच म्हणाला, "पिंके, तुझी चुकी नव्हती बरं का."

तात्यांनी पिंकीपुढे हात जोडले, मान हलवली आणि ते परत फिरले. डावीकडे गटार उघडं होतं, त्याला झाकण नव्हतं, आणि ते सरळ तिकडेच चालले होते. मी दार उघडून ओरडणार, तोवर पिंकी पायरीवरून उठली. तिनं त्यांचा डावा हात धरला, त्यांना गटारापासून बाजूला ओढलं आणि गाडीच्या दारापर्यंत आणून सोडलं. मग पळत आत गेली.

कार्यालयात पोचायला आम्हाला दहा वाजून वीस मिनिटं झाली. वरपक्ष येऊन दारात ताटकळत होता. ते चुलते हातात घड्याळ धरूनच उभे होते.

"काय हो, ही पद्धत झाली का तुमच्याकडची?" ते म्हणाले.

आमचे हे पुढे झाले. "माफ करा, रस्त्यात ऊस वाहतुकीची गर्दी फार..."

"रस्ता मोकळा होता," तात्या मोठ्यानं म्हणाले. गेल्या महिन्याभरात त्यांचा आवाज एवढा मोकळा मी ऐकला नव्हता. "उशीर माझ्यामुळं झाला."